हजार तासांत न धरलेले दोन दिवस

दिवाळी अंकासाठी लिहा, असा फोन आला तेव्हा संपादकबाईंनी विषयही देऊन टाकला. "नव्या कंपन्या उभ्या करताना लागणारा धीर. तुम्ही यावर सगळीकडे बोलताच की." बोलतो खरा. गेली पाच-सहा वर्षं चिंचवडपासून चाकणपर्यंत जिथे म्हणून चार तरुण, एक प्रोजेक्टर आणि कागदी कपातला चहा असतो तिथे मला बोलावतात. मी धीर धरा म्हणून सांगतो, लोक माना डोलावतात, शेवटी मला एक रोपटं देतात. बाल्कनीत आता पाय ठेवायला जागा नाही. मला या सगळ्याचा वीट आलाय. म्हणून लेख दिलेल्या विषयावरच लिहितोय, पण त्यांना हवा तसा नाही.

मुद्दा आधीच सांगून टाकतो, नाहीतर नेहमीसारखा पुढे गिळून टाकीन. शीतल नावाच्या एका मुलीची कंपनी बंद पडली. ती उतावळी होती म्हणून बंद पडली, असं तिचे वडील म्हणत आले, त्यांची भावकी म्हणत आली आणि शेवटी तर ती स्वतःही म्हणायला लागली. ती उतावळी नव्हती. हे मला पहिल्यापासून माहीत होतं, आणि मी गप्प बसलो.

माझं काम टेस्टिंगचं. वस्तू बनवणारे वेगळे. ती कधी मोडते ते बघत बसणारे आम्ही वेगळे. गाडीचं दार घ्या. ते कारखान्यातून निघण्याआधी त्याचा एखादा भाऊबंद आमच्या खोलीत हजारो वेळा उघडून मिटलेला असतो. उघड, मीट, उघड, मीट. बाहेरच्याला वेड लागेल. आम्ही शेजारी बसून डबा खायचो. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी सव्वीस वर्षं हेच केलं, आणि दिवसातून एकदा तरी कुणाला तरी "नाही" म्हटलं. टेस्टिंगवाला कँटीनमध्ये आला की टेबलावरचं हसणं थांबायचं. मग कंपनीने स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली, मी ती घेतली, आणि नव्या कंपन्यांना सल्ला द्यायला लागलो.

तिथे जी गिऱ्हाइकं भेटली त्यांच्यावर वेगळा अंक काढता येईल. एकाने विचारलं, "सर, एक मशीन हजार तास चालवायची, त्यापेक्षा दहा मशीन शंभर-शंभर तास चालवल्या तर? तास तेवढेच ना?" मी म्हटलं, तू दहा दिवस एकेक तास झोपून बघ. दुसरा पाचशे तास झाल्यावर आला आणि "अर्धा पास" असं लिहून मागायला लागला. तिसऱ्याने टेस्ट चालू असताना फोटोग्राफर आणला आणि मशीनचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो म्हणून मशीनच बंद केली. यांना सगळ्यांना घाई होती. कशाची, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पुढच्या महिन्यात कुठे तरी स्पर्धा असायची, तिथे स्टेजवर पाच मिनिटं बोलायचं असायचं. वस्तू नंतर.

शीतल त्यातली नव्हती.

ती महाळुंग्याची. जुनं शेतकरी घर. जमिनी एमआयडीसीत गेल्या, उरलेल्या तुकड्यावर वडिलांनी, म्हणजे आबांनी, पत्र्याचे गाळे बांधून भाड्याने दिले. मुलगी मेकॅनिकल इंजिनिअर झाली, दोन वर्षं एका वर्कशॉपमध्ये राबली आणि तिला एक गोष्ट खटकली. लोखंड कापताना हत्यार तापू नये म्हणून मशीनमध्ये दुधासारखं पांढरं पाणी सोडतात, ते कूलंट. त्यात तेलाचा तवंग येतो, लोखंडाचा पिठासारखा भुगा मिसळतो, चार महिन्यांत घाण वास सुटतो आणि ते सगळं फेकावं लागतं. शीतलने मशीन चालू असतानाच ते गाळून परत देणारं यंत्र बनवलं. स्टीलचं, गोल, पोट सुटलेलं. आमचे फिटर बनसोडेमामा त्याला हंडा म्हणायचे, मग सगळेच म्हणायला लागले. आबांनी तिच्यासाठी एक भाडेकरू उठवला आणि रस्त्याकडचा गाळा रिकामा करून दिला.

मला पहिल्या दिवशी ती म्हणाली, "सर, मला स्पर्धाबिर्धा नको. दहा वर्षं चालणारी वस्तू बनवायचीय. तुम्ही पास म्हणाल तेव्हाच बाहेर काढीन."

असं मला सव्वीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं.

टेस्ट मी ठरवली. हजार तास, सलग, मुद्दाम दुपटीने घाण केलेल्या कूलंटमध्ये. ही हजार तासांची कल्पना कुठून आली? जुन्या कंपनीच्या फॉर्मवरून. तिथे आम्ही पंप तसेच तपासायचो, मी तेच उचलून इथे ठेवलं. शीतलने एकदा विचारलंही, "सर, सलगच का? वर्कशॉप तर थांबतात मधे." मी म्हटलं, "सलग म्हणजे जास्त कठीण. कठीण परीक्षेत पास झाला की सोप्यात होतोच." हे वाक्य मी फार खात्रीने म्हटलं होतं, आणि चुकीचं होतं.

आठशे सत्तर तास हंडा सुरळीत चालला. मग खंडेनवमी आली.

सकाळी आबा झेंडूच्या माळा, नारळ आणि हळदीकुंकवाचं ताट घेऊन गाळ्यात आले. बनसोडेमामांनी पाने, हातोड्या, कानशी सगळं पुसून पाटावर मांडलं. आबांनी सरळ जाऊन मेन स्विच खाली ओढला. खोलीतला सव्वा महिन्याचा घुमघुम आवाज एकदम थांबला.

"आबा! टेस्ट चालू आहे!" मी ओरडलोच.

"आज यंत्राला इसावा, साहेब. पूजा झाल्याबिगर हात न्हाई लावायचा. दसरा झाला की करा सुरू."

"सलग चालवायचीय ती. मधे थांबवली तर सगळं फुकट जातं."

"आवो, मानसाला आठवड्याला गुरुवार हाय," आबा हार घालत म्हणाले. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. "यंत्राला वर्सातनं येक दिस बी न्हाई व्हय?"

शीतल माझ्याकडे बघून हसली. "राहू द्या सर. आबांपुढे फॉर्म चालत नाही." मी चिडून घरी गेलो. घरी बायकोवर चिडलो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि मामा दोघंच होतो. मामा उदगीरकडचे, पंचवीस वर्षं भोसरीत फिटर. त्यांनी स्विच वर केला. मोटर घुं करून तिथेच थरथरत राहिली. पंप फिरेना.

"अडकून बसलंय बगा सायेब," मामा वाकून म्हणाले. "मोटर नुसती गुरगुरायलीय."

त्यांनी स्विच पाडला, लाकडी हातोडा घेतला, पंपाच्या तळाशी दोन ठोके दिले, परत चालू केलं. पंप फिरला. आवाज पहिल्यासारखा.

"भुगा खाली बसला वाटतं," मामा म्हणाले. "दोन दिवस थांबलं, थिजलं. लिवून ठिवा."

आता बाहेरच्या वाचकाला हे एवढंसं वाटेल, म्हणून नीट सांगतो. कूलंट फिरत असतं तोवर लोखंडाचं पीठ तरंगत राहतं. थांबलं की ते पंपाच्या तळाशी बसतं, तेलात मिसळून लुकणासारखं घट्ट होतं. सलग हजार नव्हे, दहा हजार तास चालवलं असतं तरी हा दोष दिसला नसता. तो दाखवायला यंत्र बंदच करावं लागतं. माझ्या अख्ख्या टेस्टमध्ये खरी टेस्ट घेतली होती ती आबांनी, झेंडूचा हार घालून.

हे मला तिथे उभ्या उभ्या, त्या क्षणी कळलं. उगाच खोटं कशाला बोलू. मागाहून कळलं असतं तर निदान मूर्ख ठरलो असतो.

मी रजिस्टर उघडलं आणि लिहिलं: "सणानिमित्त थांबा. चाचणी पुन्हा सुरू." खाली सही केली. ठोके लिहिले नाहीत. मनात म्हटलं, टेस्ट सलगची आहे, थांबा नियमाबाहेरचा, तेव्हा थांब्यामुळे जे झालं तेही नियमाबाहेरचं. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या असल्या पळवाटा मी पेनाने खोडत आलो होतो.

का केलं असं? लोकांना वाटेल, कुणी दबाव आणला असेल. कुणीही नाही. दोष लिहिला असता तर शीतलने पहिला प्रश्न विचारला असता: "मग सलग का चालवत होतो आपण?" मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्या पोरीसमोर माझी टेस्टच चुकली, असं म्हणायचं नव्हतं. आणि दुसरं एक कारण आहे, ते पहिल्याहून हलकं. मला एकदा तरी नारळ फुटताना हजर राहायचं होतं. माल बाहेर पडतोय, लोक पेढे वाटतायत आणि टेस्टिंगवाला त्यांच्यात उभा आहे, असं मला बघायचं होतं. दुरुस्ती, मग पुन्हा अख्खी टेस्ट, यात तीन-चार महिने गेले असते. मी, जो सगळ्या जगाला धीर शिकवत फिरतो, तो तीन-चार महिने थांबायला तयार नव्हतो.

हजार तास भरले. निकाल: पास.

बारा हंडे तयार होते. आबांनी भावकीतल्या वर्कशॉपवाल्यांना दिवाळीच्या पाडव्याचा शब्द देऊन ठेवला होता. पाडव्याच्या चार दिवस आधी शीतल माझ्या टेबलाशी आली.

"सर, मला वाटतंय अजून एक फेरी घ्यावी. नवा पंप लावून. दिवाळीनंतर देऊ माल. थांबू का?"

हे सरळ सरळ दार उघडून दिलं होतं तिने. मला फक्त "थांब" म्हणायचं होतं. कारणही द्यावं लागलं नसतं.

मी म्हटलं, "रिपोर्ट तर पास आहे. बाकी निर्णय तुझा."

ती थोडा वेळ उभी राहिली, मी आणखी काही बोलेन म्हणून. मी डबा उघडला.

पाडव्याला हंडे गेले. नारळ फुटला, मी पेढा खाल्ला. पेढा चांगला होता.

दोन महिने, पंपाच्या तळाशी पुरेसा भुगा साठेपर्यंत, सगळीकडून कौतुक आलं. मग एका शुक्रवारी सकाळी आबांच्या चुलतभावाच्या वर्कशॉपमधून फोन आला. हंडा अडकला, कूलंट आलं नाही, ऑपरेटरच्या लक्षात येईपर्यंत हत्यार जळलं आणि सकाळचा सगळा माल रिजेक्ट. पुढच्या आठवड्यात दुसरा फोन. मग तिसरा. शीतल एकेका वर्कशॉपमध्ये जाऊन व्होल्टेज मोजायची, ऑपरेटरांशी बोलायची, रबरी नळ्या बदलायची. परत आली की मला विचारायची, "सर, काय असेल?"

आणि मी काय सांगावं? "आणखी डेटा येऊ दे. धीर धर."

हे लिहिताना माझा मलाच संताप येतोय. डेटा माझ्या डोक्यात होता. माझ्या रजिस्टरात "सणानिमित्त" म्हणून पुरलेला होता. बनसोडेमामा एकदा पान्यावरचं ग्रीस पुसत मला हळूच म्हणाले, "सायेब, दसऱ्यावानीच वाटायलंय हे. ताईला ठाव हाय ना?" मी "हो हो" म्हटलं. मामांचा माझ्या हुद्द्यावर विश्वास होता. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

शेवटी तिनेच शोधलं. एक दिवस कॅलेंडर घेऊन धावत आली. "सर, बघा! सगळे शुक्रवार! गुरुवारी बंद, शुक्रवारी अडकतो. थांबल्यावर बसतंय काहीतरी!" चेहरा असा उजळला होता की मला खाली बघावं लागलं. चार दिवसांत तिने तळाशी निचऱ्याची तोटी आणि थांबताना आतून पाणी मारून घेण्याची सोय काढली. उपाय अचूक होता. पण तोवर भावकीने हंडे काढून गाळ्यासमोर आणून टाकले होते. कुणी कुणी तर उलटे ठेवले होते. ज्यांनी पुढच्या वाढीसाठी पैसे घालायला हात पुढे केला होता त्यांनी तो मागे घेतला. नवं गिऱ्हाईक आधी जुन्या गिऱ्हाइकाला फोन करून विचारतं, आणि चाकणच्या पट्ट्यात सगळे एकमेकांना ओळखतात. वर्षभरात गाळ्याला कुलूप लागलं.

कुलूप लावायच्या दिवशी ती माझी माफी मागायला लागली. "तुम्ही नेहमी धीर धर म्हणत होतात, सर. मीच पाडवा धरून बसले." पाडवा तिने धरलाच नव्हता. मी म्हटलं, "होतं असं."

दोन शब्द. घुम्या माणसांचा हा फायदा असतो. न बोललेलं लोक चांगल्याच अर्थाने घेतात. माझ्या गप्प बसण्याला सगळे आजवर संयम म्हणत आले.

या वर्षी निगडीकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आम्हा दोघांना एकाच कार्यक्रमाला बोलावलं. अपयशाच्या कहाण्या, असा काहीतरी विषय. हल्ली त्याचीही फॅशन आहे, बुडालेल्यांना शाल देतात. शीतल आता भोसरीत एका कंपनीत डिझाईनला आहे. ती स्टेजवरून दोनशे मुलांना म्हणाली, "माझं यंत्र चांगलं होतं, मी घाई केली. हे सर माझ्या शेजारी होते, तरी मी धीर धरला नाही. तुम्ही माझ्यासारखं करू नका." मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझेही हात आपोआप हलले. मग ते हात कुठे ठेवावेत ते मला कळेना.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तिच्या कंपनीच्या गेटवर गेलो. ती बाहेर आली, समोरच्या टपरीवर चहा घेऊन बसलो. मी सगळं सांगितलं. वाक्यं एकमेकांवर आदळत होती, पण सांगितलं. संपल्यावर तिने विचारलं, "कुठून अडकला होता? वरून की खालून?"

"खालून. पंपाच्या तळाच्या बुशपाशी."

"किती ठोके?"

"दोन."

"हाताला रवाळ लागलं होतं का काही?"

"मी हात लावून बघितलाच नाही."

तिने ग्लास खाली ठेवला. "आठशे सत्तर तासाला. म्हणजे बारापैकी एकही बाहेर गेला नव्हता." बोटांवर काहीतरी मोजलं, सोडून दिलं. "मी तुम्हाला विचारलं होतं सर. थांबू का म्हणून."

"हो."

"आणि काल माझ्या शेजारी बसून टाळ्या वाजवल्यात."

मी काही बोललो नाही. मग वाटलं, हेच तर नेहमी करतो, म्हणून म्हटलं, "वाजवल्या."

"आबांना सांगितलंत?"

"नाही. आधी तुला—"

"मला सांगून काय उपयोग? कंपनी गेली ती गेली. मी दुसरी काढीन, नाही काढीन. घरात काय चाललंय माहितीये तुम्हाला? भावाच्या लग्नाची बोलणी होती, मी तोंड उघडलं तर आबा सगळ्यांसमोर म्हणाले, तू गप, तुझी घाई बघितली आम्ही. तीन वर्षं मला कुठल्याच गोष्टीत विचारत नाहीत. मी पण म्हटलं, बरोबर आहे, मीच चुकले." ती उठली. "तिकडे जा. मला आत्ता तुमच्याशी बोलायचं नाहीये."

गुरुवारी मी महाळुंग्याला गेलो. शीतलच्या गाळ्यात आता कुरिअरचं गोदाम आहे. आबा बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. मला बघून खूश झाले, दुसरी खुर्ची पुसून दिली. "या साहेब! लई दिसानं. च्या सांगू?"

"चहा नको आबा. ऐकून घ्या आधी." मी उभ्यानेच सांगितलं. खंडेनवमी, दोन दिवस, दोन ठोके, रजिस्टर. आबांना पंपाचं फारसं समजत नव्हतं, पण माणसाचं समजत होतं. मधेच त्यांनी हात वर केला.

"म्हंजी यंत्र दसऱ्यालाच अडाकलं व्हतं?"

"हो."

"आन तुमाला ठावं व्हतं."

"हो."

"पोरीला?"

"तिला कुणी सांगितलंच नाही. उलट ती थांबू म्हणत होती, आबा. पाडव्याला नको, नंतर देऊ म्हणत होती. माझ्याकडे विचारायला आली होती."

आबांनी रस्त्यावरून जाणाऱ्या कंटेनरकडे मान वळवली.

"पाडव्याचा सबूद मी दिला व्हता भावकीला," ते म्हणाले. "तिनं न्हाई. मीच मिरवत व्हतो. आन समद्यांच्या म्होरं तिलाच उतावळी म्हनलो."

मला वाटलं आता शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या, मी त्यासाठीच उभा होतो. त्यांनी खिशातून मोबाईल काढला, हात लांब करून धरला आणि अंगठ्याने नाव शोधायला लागले.

"साहेब, तुमी निघा आता," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "मला पोरीला फोन लावायचाय."